जुनी पॉन्टून बोट: डेक कुजलाय, सुरुवात कुठून करावी?

तळ्याकाठचा

नमस्कार मंडळी. मुक्काम अमेरिकेतलं मिनेसोटा. २० फुटी, १९९० च्या दशकातली, दोन ट्यूबची पॉन्टून (ॲल्युमिनियमच्या बंद पोकळ नळ्यांवर सपाट डेक बसवलेली बोट) ट्रेलरसकट विकाऊ आहे. तपशील असा: ट्यूबचा व्यास २३ इंच, डेक ८ फूट रुंद, वर कार्पेट. फाटकापाशी आणि मागे मोटरजवळ डेक पायाखाली दबतो. रेलिंग सरळ आहे. सीटचं व्हिनाइल फाटलंय, आतला फोम ओला. मोटर ४० हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक.

डेक, फ्लोअरिंग, सीट, वायरिंग हे सगळं घरी करायचा विचार आहे. गॅरेज आहे, सुतारकामाची हत्यारं आहेत, ॲल्युमिनियमचं वेल्डिंग येत नाही. सध्या प्लायवूडवर सवलत चालू आहे, तर आधी तेच आणून ठेवू का? आणि कोणतं आणू?

स्पूलगन

प्लायवूड राहू द्या दुकानातच. या बोटीत डेक, सीट, वायर, मोटर सगळं विकत मिळतं. ट्यूब मिळत नाहीत, आणि मिळाल्या तर त्या पैशांत दुसरी बोट येते. त्यामुळे ट्यूब पास झाल्याशिवाय एक डॉलरही खर्च करू नका.

विकत घेण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली कागदपत्रं. १ नोव्हेंबर १९७२ नंतर बनलेल्या बोटीवर १२ अक्षर-अंकांचा हल नंबर (हल म्हणजे बोटीचं अंग) असतो, मागच्या बाजूला उजवीकडे. तो टायटलवरच्या, म्हणजे मालकीच्या कागदावरच्या, नंबराशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. ट्रेलरचे कागद वेगळे असतात, तेही मागा.

दुसरी गोष्ट, ट्यूबमध्ये पाणी आहे का. रबरी हातोडीने वरून खाली टकटक करत या. रिकामी ट्यूब घंटेसारखी वाजते, पाणी जिथून सुरू होतं तिथून आवाज बद्द होतो. दमट सकाळी गेलात तर हातोडीही नको: ऊन लागल्यावर वरचं दव आधी उडतं, पाणी असलेला भाग थंड राहतो आणि दवाची सरळ आडवी रेघ दिसते. एक गॅलन पाणी म्हणजे ८.३ पाउंड. ट्यूबमध्ये ४० गॅलन साठलं तर दोन धष्टपुष्ट पाहुणे कायमचे बोटीत बसल्यासारखं.

पाणी निघालं म्हणून लगेच सौदा मोडू नका, भाव पाडा. पण तळाशी वेल्डच्या कडेला लांब चीर दिसली किंवा ट्यूब फुगीर वाटली तर आत पाणी गोठून ती फाटलीय असं समजा आणि दुसरी बोट शोधा.

तळ्याकाठचा

धन्यवाद! उजव्या ट्यूबचा मागचा भाग बद्द वाजतोय. बाकी खणखणीत. गळती नेमकी कशी शोधायची? कंप्रेसर आहे घरी.

स्पूलगन

कंप्रेसर थेट लावायचा नाही. हे ठळक अक्षरांत वाचा. २३ इंची ट्यूबच्या मागच्या झाकणाचं क्षेत्रफळ साधारण ४१५ चौरस इंच. आत नुसते ३ पीएसआय (दर चौरस इंचाला ३ पाउंड दाब) भरले तरी त्या झाकणावर जवळपास साडेबाराशे पाउंडांचा, म्हणजे साडेपाचशे किलोंहून जास्त जोर येतो. कंप्रेसरची टाकी १०० पीएसआयला असते. रेग्युलेटर अडकला तर ते झाकण तोफगोळ्यासारखं सुटतं, आणि तुम्ही बुडबुडे बघायला त्याच्यासमोरच बसलेले असता.

मर्यादा २ पीएसआय, पुरे झाले. त्यासाठी साधा पाण्याचा यू-मॅनोमीटर करा: पारदर्शक नळी, भिंतीला यू आकारात ठोकलेली, अर्धी पाण्याने भरलेली, एक तोंड ट्यूबला जोडलेलं. दोन्ही बाजूंच्या पातळीत २७.७ इंच फरक म्हणजे १ पीएसआय. ५५ इंच झाले की थांबा. चुकून जास्त हवा गेली तर पाणी नळीबाहेर उडतं, म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह फुकटात. हवा भरायला सायकलचा पंप किंवा शॉप व्हॅकची (वर्कशॉपच्या व्हॅक्यूम क्लीनरची) फुंकणारी बाजू चालते.

प्रत्येक ट्यूबमध्ये आत पडदे घालून दोन-तीन कप्पे केलेले असतात, प्रत्येक कप्पा वेगळा तपासायचा. जुन्या ट्यूबना बऱ्याचदा बूचच नसतं. ट्यूबची भिंत ०.०८० ते ०.१०० इंच जाड, त्यात थेट आटे पाडले तर जेमतेम दोन आटे बसतात, ते टिकत नाहीत. वेल्डरकडून प्रत्येक कप्प्याच्या मागच्या टोकाला, तळाशी, अर्ध्या इंची आट्यांचा ॲल्युमिनियमचा बंग (बूच बसवायची जाड कडी) लावून घ्या. पाणी काढायला तोच, हवा भरायला तोच.

आता साबणाचं पाणी. भांडी घासायचा साबण, पातळ, स्प्रे बाटलीत. या जागा सोडू नका: नाकाच्या शंकूचा गोल सांधा, क्रॉसमेंबरच्या (दोन ट्यूबना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांच्या) ब्रॅकेटचे कोपरे (इथे धक्क्यांनी धातू थकतो आणि केसासारखी चीर पडते), तळाची कील (ट्यूबखालची उभी पट्टी) जिथे वाळूवर घासून पातळ झालीय, आणि ट्रेलरच्या फळ्यांवर टेकणारा भाग. त्या फळ्यांवरचं कार्पेट वर्षभर ओलं राहतं, तिथे सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात.

चाचणी सावलीत करा. ट्यूब उन्हात १० अंश फॅरनहाइटने तापली की दाब आपोआप पाव पीएसआयने चढतो, ढग आला की उतरतो. मग नसलेली गळती शोधण्यात दुपार जाते.

सुतारपक्षी

स्पूलगन यांना अनुमोदन. फक्त एक भर: ही चाचणी डेक काढल्यावर करा. ब्रॅकेटचे वरचे कोपरे डेक असताना दिसतच नाहीत.

हौशी_नावाडी

गळकी ट्यूब वेल्ड करण्याऐवजी आत स्प्रे फोम भरला तर? पाणी शिरलंच तरी बोट बुडणार नाही.

स्पूलगन

नको. फोम कालांतराने पाणी पितो आणि सोडत नाही. ओला फोम ॲल्युमिनियमला आतून चिकटून राहिला की हवा लागत नाही, ऑक्साइडचा थर पुन्हा धरत नाही आणि आतूनच खड्डे पडायला लागतात. शिवाय पुढे वेल्डिंग करायची वेळ आली तर तापलेल्या फोमचा विषारी धूर. फोम भरलेली ट्यूब बघितली की बरेच वेल्डर हातच जोडतात.

वेल्डरकडे नेताना या गोष्टी स्वतः करून न्या, त्याचे तास वाचतात. कप्पा पूर्ण सुकवा: बूच काढून कमी वेगाचा पंखा किंवा शॉप व्हॅक दिवसभर फुंकत ठेवा. आत ओल असेल तर वेल्डमध्ये काळे फेसाळ बुडबुडे येतात. वेल्डिंग चालू असताना बूच उघडंच हवं, नाहीतर तापलेली हवा वितळलेल्या धातूतून भोक पाडून बाहेर येते. आत पेट्रोलचा वास येत नाही ना तेही नाकाने तपासा, पेट्रोल चोळून डाग काढणारे महाभाग असतात. साफसफाई ॲसिटोनने आणि फक्त ॲल्युमिनियमसाठी ठेवलेल्या स्टेनलेसच्या ब्रशने. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर अजिबात वापरू नका, वेल्डिंगच्या आर्कजवळ त्याचा फॉस्जीन वायू होतो. हे माणूस मारणारं प्रकरण आहे.

ट्यूब बहुधा ५०५२ मिश्रधातूच्या असतात, त्यांना ५३५६ ची फिलर वायर (वेल्डमध्ये वितळवून भरायची तार) बरी. भाग पातळ झाला असेल तर नुसती चीर भरून उपयोग नाही. अष्टमांश इंची ५०५२ चा तुकडा, कोपरे गोल करून, चारी बाजूंनी दोन इंच चांगल्या धातूवर टेकेल असा लावायला सांगा. चौकोनी कोपऱ्यातून नवी चीर निघते.

दुकानातल्या कमी तापमानाच्या ब्रेझिंग कांड्यांच्या (साध्या बर्नरने वितळवून सांधायच्या) जाहिरातींना भुलू नका. डब्याच्या भोकावर छान चालतात. ट्यूबवर मात्र सगळी उष्णता धातूभर पसरते आणि कांडी चिकटल्यासारखी वाटते, चिकटत नाही.

तळ्याकाठचा

समजलं. सौदा झाला, भाव बराच खाली आला. :) वेल्डर दोन आठवड्यांनी मोकळा आहे. तोवर डेक काढू का? आणि आता तरी प्लायवूड सांगा.

सुतारपक्षी

काढा, पण हे वाचून मगच. डेक नुसता पाय ठेवायला नसतो. दोन ट्यूब आणि क्रॉसमेंबर यांचा सांगाडा गुण्यात, म्हणजे काटकोनात, ठेवण्याचं काम तोच करतो. डेकचे सगळे पत्रे (प्लायवूडच्या शीट) एकदम काढलेत आणि बोट ट्रेलरवर हलवलीत की सांगाडा समांतरभुज होतो. मग नवीन डेकची भोकं जुळत नाहीत आणि तुम्ही प्लायवूडला शिव्या घालता. म्हणून डेक उचलण्याआधी चार कोपऱ्यांत खुणा करून दोन्ही कर्ण मोजा, लिहून ठेवा. ट्यूबच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर पुढे आणि मागे मोजा. डेक निघाला की टू-बाय-फोर लाकडाच्या दोन लांब पट्ट्या फुलीसारख्या क्लॅम्प करा. नवीन डेक बसवताना दोन कर्णांत पाव इंचापेक्षा जास्त फरक चालवून घेऊ नका.

रेलिंग काढताना प्रत्येक तुकड्यावर मास्किंग टेपने नंबर, आणि डेकवर त्याच जागी तोच नंबर. जुना डेक फेकू नका, तोच तुमचा साचा. बोल्टचे नट खालून फिरत नाहीत, वर डोकं गोल फिरतं, हे ठरलेलं. पान्याशी झटापट करू नका, साडेचार इंची ग्राइंडरने नट कापा. ठिणग्या पेट्रोलच्या टाकीपासून लांब. टाकी आधीच बोटीतून उतरवा.

आता प्लायवूड. पाऊण इंची, सात थरांचं, मरीन ग्रेड. ८ फूट रुंद आणि २० फूट लांब डेकला ४ बाय ८ चे ५ पत्रे. पत्रे आडवे पडतात, म्हणजे क्रॉसमेंबरला समांतर. याचा अर्थ वरच्या थराचा दोराही (लाकडाच्या रेषा) क्रॉसमेंबरला समांतर, आणि प्लायवूड आपल्या कमजोर दिशेने भार घेतं. म्हणूनच पाच थरांचं स्वस्त प्लाय इथे झोका देतं. क्रॉसमेंबर १६ इंचांवर असोत की २४, चार फुटी पत्र्याचा सांधा बरोबर क्रॉसमेंबरवर येतो. येत नसेल तर पहिला पत्रा सरकलाय.

सवलतीतलं हिरवट प्रेशर-ट्रीटेड प्लायवूड घेऊ नका. त्यातली औषधं तांब्याची असतात. ओलं तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की बॅटरीच तयार होते, आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. ब्रॅकेटवर पांढरी पिठूळ पूड दिसली की समजायचं खेळ सुरू झालाय. पॉन्टून बनवणारे सीसीए (क्रोमियम-तांबं-आर्सेनिकच्या औषधाची) प्रक्रिया केलेलं मरीन प्लाय वापरतात. तेही तांबंच, पण लाकडात घट्ट बसलेलं, त्यामुळे फार कमी सुटतं. ते मिळालं तर उत्तम, नाहीतर प्रक्रियाच नसलेलं फर किंवा ओकुमे लाकडाचं मरीन प्लाय घ्या आणि स्वतः सील करा.

हौशी_नावाडी

सील दोन्ही बाजूंनी? मी तर ऐकलंय की खालची बाजू मोकळी ठेवावी, लाकडाला श्वास घेऊ द्यावा.

सुतारपक्षी

हा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंत थोडं तथ्य आहे. सील अर्धवट असेल तर ते नसण्यापेक्षा वाईट: पाणी बोल्टच्या भोकातून शिरतं आणि इपॉक्सी (सील करायला लावतात ते दोन द्रवांचं राळ) त्याला बाहेर पडू देत नाही. कारखान्यात प्रक्रिया केलेलं प्लाय घेतलंत तर खालची बाजू मोकळी राहू दे. प्रक्रिया नसलेलं घेतलंत तर सहाही बाजू बंद, त्यात मधली वाट नाही. सपाट भागावर पातळ इपॉक्सीचे २ हात, कडांना ३. पाणी कडेनेच पितं लाकूड. ५ पत्र्यांच्या दोन्ही बाजू म्हणजे ३२० चौरस फूट, त्याला साधारण ३ गॅलन लागतं.

भोकांची रीत अशी: पाव इंची बोल्टसाठी अर्ध्या इंचाचं भोक पाडा, खालून टेप लावा, घट्ट केलेलं इपॉक्सी भरा, वाळल्यावर मधोमध पाव इंचाचं भोक पाडा. बोल्ट लाकडाला शिवतच नाही. कंटाळवाणं आहे, १०० भोकं आहेत, पण डेक कुजायला सुरुवात तिथूनच होते.

बोल्ट स्टेनलेसचे, पाव इंची, चपट्या रुंद डोक्याचे एलेव्हेटर बोल्ट, खाली नायलॉन लॉकनट. साधारण सव्वा इंच लांबी बसते, पण आधी क्रॉसमेंबरच्या कडेची जाडी मोजा. आटे मारणारे स्क्रू ॲल्युमिनियममध्ये काही हंगामांनी सैल होतात. स्टेनलेस जिथे ॲल्युमिनियमला लागतं तिथे टेफ-जेल किंवा ड्युरालॅक (धातूची झीज रोखणारा लेप) लावा. दोन पत्र्यांत सोळांश इंच फट ठेवा आणि ती लवचीक पॉलियुरेथेनने भरा. कडक पुट्टी भरली तर उन्हात प्लाय फुगलं की तिचा उंचवटा होतो आणि व्हिनाइलमधून रेघ दिसते.

तळ्याकाठचा

फ्लोअरिंगला विणलेलं व्हिनाइल घेतलंय, साडेआठ फूट रुंद रोल. एकाच तुकड्यात टाकू ना?

सुतारपक्षी

एकाच तुकड्यात. आदल्या दिवशी उन्हात उलगडून ठेवा, रोलची वळणं जाऊ देत. पुढच्या टोकापासून अर्ध्यापर्यंत दुमडा, डेकवर बाहेर वापरायचा वॉटरप्रूफ गोंद सोळांश इंची दातांच्या थापीने पसरा, व्हिनाइल परत टाका, मग दुसरा अर्धा. गॅलनला अंदाजे १०० चौरस फूट, तुम्हाला २ गॅलन लागतील. हवा ६० फॅरनहाइटच्या वर हवी. भाड्याने ७५-१०० पाउंडांचा रोलर मिळतो, तो मधून कडेकडे फिरवा. हाताने दाबून बुडबुडे राहतातच. कडा दोन इंच खाली वळवून स्टेनलेसच्या पिना मारा. रेलिंग दुसऱ्या दिवशी.

रेलिंगचे पाय डेकला चिकटवू नका, खाली प्लास्टिकचे एक इंची उंचवटे ठेवा म्हणजे पाणी वाहून जाईल. बोल्टखाली ३एमचं ४२०० सीलंट. ५२०० लावलंत तर पुढच्या वेळी रेलिंगबरोबर प्लायचा तुकडाही येईल.

सीटबद्दल थोडक्यात: बैठकीचा सांगाडा प्लास्टिकचा असेल तर फक्त फोम आणि कव्हर बदला, लाकडी असेल तर तोही. ओला फोम वाळवून वापरता येत नाही, बुरशी आतच राहते. शिलाईला यूव्ही टिकणारा पॉलिस्टर दोरा, पिना पुन्हा स्टेनलेसच्याच.

अँपिअर

वायरिंगचा एकच नियम पाठ करा: ॲल्युमिनियमची बोट म्हणजे गाडी नव्हे. गाडीत बॉडीला अर्थ देतात तसा इथे हलला निगेटिव्ह जोडायचा नाही. प्रत्येक दिव्याला, पंपाला स्वतःची परतीची वायर. हलमधून करंट वाहिला की एका हंगामात ट्यूबला खड्डे पडू शकतात, आणि मग मंडळी तळ्याच्या पाण्याला दोष देतात.

वायर कथिल चढवलेली मरीनच. एलईडी दिव्यांना १६ गेज पुरते. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ७ इंचांच्या आत. रात्री फिरणार असाल तर डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि वर चौफेर दिसणारा पांढरा दिवा, पांढरा २ मैलांवरून दिसला पाहिजे. पांढरा दिवा छताच्या कापडाच्या वर येतो का तेवढं बघा, बहुतेकांचा येत नाही.

धक्क्यावर किनाऱ्याची वीज असेल किंवा मोटरवर ॲनोड (आपण झिजून बाकी धातू वाचवणारा तुकडा) नसेल तर गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचा लावा. झिंक समुद्रात ठीक, गोड्या पाण्यात ते झोपून राहतं. आणि ट्यूबला तांब्याचा तळरंग कुणी सुचवला तर वरची प्लायवूडची चर्चा वाचून दाखवा.

हौशी_नावाडी

मोटरचं कुणी बोललंच नाही. ४० हॉर्सपॉवरच्या टू-स्ट्रोकला आधी सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघा, आपसांत १० टक्क्यांहून जास्त फरक नको. पाण्याच्या पंपाचा इंपेलर (आतला रबरी पंखा) न बघता बदला. गिअरचं तेल दुधाळ निघालं तर सील गेलंय. इंधनाची नळी आणि बल्ब नवे, बल्बवरचा बाण मोटरकडे, मध्ये १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर. प्रॉपेलर कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी पुढे सरकणारा) घ्या. पूर्ण थ्रॉटलला मोटर कंपनीने सांगितलेल्या आरपीएमला पोहोचत नसेल तर पिच उतरवा, एका इंचाला साधारण २०० आरपीएम वाढतात.

कोयनाकाठ

वाचतोय तापोळ्याजवळून. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या ट्यूब कोण देणार? २०० लिटरचे प्लास्टिकचे ड्रम वापरून असा तराफा केला तर?

स्पूलगन

मूळ कल्पना ड्रमचीच. १९५१ च्या सुमारास मिनेसोटातल्या रिचमंड गावच्या अँब्रोस वीरेस यांनी लोखंडी पिंपं एकापुढे एक जोडून त्यावर लाकडी फळ्या टाकल्या, तिथून हा सगळा प्रकार सुरू झाला.

हिशोब साधा: २०० लिटरचा बंद ड्रम पूर्ण बुडवला तर सुमारे २०० किलो उचलतो, त्यातले अर्धेच धरा. १० ड्रम म्हणजे १००० किलो, आणि त्यात सांगाडा, फळ्या, मोटर, माणसं सगळं आलं. ड्रम दोन रांगांत बाहेरच्या कडेला ठेवा, मध्ये गोळा केलेत तर एका बाजूला चारजण उभे राहिले की तराफा कलंडतो. झाकणाची तोंडं वरच्या बाजूला, आणि ड्रम पट्ट्यांनी घट्ट बांधा, पाण्याखाली ते वर यायला जोर करत असतात.

प्लाय तिकडे आयएस ७१० चं (मरीन प्लायचं भारतीय मानक) १९ मिमी घ्या. तेही औषध दिलेलं असतं, त्यात तांबं असू शकतं. सांगाडा ॲल्युमिनियमचा असेल तर मध्ये रबरी पट्टी ठेवा. मोटर लावणार असाल तर इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ खाली नोंदणी बघावी लागेल, आणि धरणाच्या पाण्यासाठी जलसंपदा (पूर्वीच्या पाटबंधारे) खात्याची परवानगी वेगळी. आधी ते, मग ड्रम.

तळ्याकाठचा

अपडेट: उजव्या ट्यूबच्या मागच्या कप्प्यात ब्रॅकेटच्या कोपऱ्यात चीर निघाली, वेल्ड झाली, २ पीएसआय रात्रभर टिकलं. डेक आणि व्हिनाइल झालंय. पाण्यात उतरवताना काही विशेष?

स्पूलगन

रिकामी बोट धक्क्याला लावा आणि पाणी जिथवर येतंय तिथे चारही टोकांना टेपची खूण करा. रात्रभर राहू द्या. सकाळी एखादं टोक खाली गेलेलं दिसलं तर गळती त्याच कप्प्यात. मग निम्मी माणसं घेऊन एक फेरी, मग पूर्ण. माणसं आणि वजन किती, ते बोटीवरच्या पिवळ्या पट्टीवर लिहिलंय, तेच खरं. नवीन डेक जुन्यापेक्षा हलका असला तरी ती मर्यादा वाढत नाही.

तळ्याकाठचा

आणि हिवाळ्यात बूच काढून ठेवायची की लावून?

सुतारपक्षी

काढून, बोटीचं नाक थोडं उंच करून. गोठताना पाणी ९ टक्के फुगतं आणि वेल्ड फाटायला तेवढं पुरतं. भोकांवर बारीक जाळी लावा, मातीची घरटी करणाऱ्या गांधीलमाश्यांना ही जागा फार आवडते. सगळी बूचं एका दोरीत ओवून मोटरच्या किल्लीला बांधा, म्हणजे एप्रिल-मेमध्ये किल्ली हातात घेतली की बूचं आधी हातात येतील.